अम्मीच्या कुंड्या

पनवेलमध्ये पूर्वी अंगणांना तोटा नव्हता. तळ्यांचे आणि वाड्यांचे हे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तलावांची नावे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. पण त्यांच्या आसपासची कौलारू घरे एकेक करून गेली आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी गावाची महानगरपालिका झाली. तरी कोणत्याही इमारतीसमोर उभे राहून वर पाहा. खिडक्यांच्या जाळ्यांत कुंड्या, तेलाचे रिकामे डबे आणि रंगाच्या जुन्या बादल्या ओळीने मांडलेल्या दिसतील. अंगणे मोडली, ती अशी तुकड्या-तुकड्यांनी खिडक्यांत जाऊन बसली आहेत.

आमचेही जुने घर पाडले गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला येताना अम्मीने तांब्या-पितळेची निम्मी भांडी नात्यात वाटून टाकली. पण अंगणातल्या जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या आणि मेंदीच्या फांद्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या हाताने आणल्या. जास्वंद माझ्या दादीने लावलेली होती. पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिना, कढीपत्ता आणि कोरफड आली. बाहेरच्या खोलीत मनीप्लांट आणि क्रोटन आले. सकाळी चहा झाला की अम्मी एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीकडे जाते. गुडघे दुखत असल्यामुळे तिचे बाहेर जाणे कमी झाले आहे. तिच्यासाठी हीच सकाळची फेरी.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपून उकाडा सुरू झाला, आणि एका सकाळी अम्मीने मला हाक मारली. ‘‘बघ ग, जास्वंदीला कुणीतरी पीठ लावलंय.’’

खरोखरच फांदीच्या बेचक्यात आणि कळ्यांच्या देठाशी पांढरे पीठ भुरभुरल्यासारखे दिसत होते. शेंडे वाकडे झाले होते, पाने आकसली होती. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती भिंग घेऊन आली आणि ओरडली, ‘‘दादीजान, पिठाला पाय आहेत!’’

या किडीचे मराठी नाव ऐकून अम्मीला हसू आले. तिला म्हणतात पिठ्या ढेकूण. अम्मीने काही न वाचता जे पाहिले होते, तेच त्या नावात होते.

मराठीत किडींना ज्यांनी नावे दिली, त्यांची नजर फार बारीक असली पाहिजे. खवले कीड ही माशाच्या खवल्यासारखी फांदीला चिकटून बसते. ती हलत नाही, त्यामुळे ती कीड आहे असे कुणाला वाटतच नाही. तुडतुडे पानाला हात लागताच तुडतुड उड्या मारतात. फुलकिडे फुलांच्या पाकळ्यांत लपतात. ‘मावा’ हे नाव सांगितले की वर्गात हशा पिकतो, कारण आपल्या घरी मावा म्हणजे बर्फीचा. हा मावा मात्र कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसणारा हिरवा किंवा काळा किडा असतो. आणि कोळी! पनवेल-उरणच्या मुलाला कोळी म्हटले की होडी आणि जाळे आठवते. जाळे विणणाऱ्या आठ पायांच्या प्राण्यालाही मराठीत कोळीच म्हणतात. गुलाबाच्या पानाखाली बारीक जाळे विणणारा, टाचणीच्या टोकाएवढा तांबडा जीव म्हणजे लाल कोळी. तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. तो का महत्त्वाचा आहे, ते पुढे येईलच.

पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड यांना पाने कुरतडता येत नाहीत. त्यांना सुईसारखी सोंड असते. ती देठात किंवा पानात खुपसून ते झाडाचा रस पितात. या रसात साखर पुष्कळ असते, पण शरीर वाढवणारी द्रव्ये थोडी. म्हणून किडीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर ती चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. पान बोटाला चिकटू लागले, तर समजावे की वर कुठेतरी कीड बसली आहे. त्या चिकट थरावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. बुरशी पान खात नाही, पण पानाचे ऊन अडवते आणि झाड उपाशी राहते.

मुंग्यांना हे गोड थेंब फार आवडतात. गवळी गाई राखतो, तशा मुंग्या या किडींना राखतात. कीड खायला येणाऱ्या दुसऱ्या कीटकांना त्या हुसकावून लावतात. कधी कधी किडीची पिल्ले उचलून नव्या फांदीवरही नेऊन ठेवतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पुष्कळ लोक मुंग्यांवर पावडर टाकतात आणि निश्चिंत होतात. रांग कोठे जाते ते मात्र पाहत नाहीत. आमच्या जास्वंदीवरही मुंग्या आठवडाभर आधीपासून चढत होत्या. आता अम्मी रोज आधी मुंग्या पाहते आणि मग पाने.

येथे थोडे विषयांतर करते. मराठीत गडद तांबड्या रंगाला किरमिजी म्हणतात, उर्दूतही किर्मिजी म्हणतात. तुमच्या घरी वाळवीने किंवा कसरीने खाल्लेले एखादे जुने पुस्तक असेल, तर त्याला उर्दूत किर्मखुर्दा म्हणतात. फारसीतला ‘किर्म’ आणि संस्कृत-मराठीतला ‘कृमी’ हे एकाच घरातले शब्द आहेत. किरमिजी म्हणजे कृमीपासून निघालेला रंग. भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या ओक झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून तो पूर्वी काढत असत. पुढे मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यापासून त्याहून गडद रंग मिळू लागला. हे दोन्ही किडे पिठ्या ढेकणाचे नातेवाईक आहेत. बांगड्यांची लाख देणारा किडाही त्याच गोतावळ्यातला. मी हे अम्मीला सांगितले. ती म्हणाली, ‘‘नातेवाईक चांगले असतील, पण म्हणून यांनी माझ्या झाडावर राहावं की काय?’’

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक कुटुंब राहत असे. त्यांच्या गॅलरीत गुलाबाच्या सात-आठ कुंड्या होत्या. त्यांवर लाल कोळी पडला होता. पाने पिवळट होऊन त्यांवर बारीक ठिपके उमटले होते. त्या घरातला तरुण मुलगा गावी गेला आणि येताना भातावर फवारण्याचे औषध घेऊन आला. औषध थंड पेयाच्या बाटलीत भरलेले होते. मोठ्या उत्साहाने तो आमच्याकडेही आला. ‘‘खाला, तुमच्या जास्वंदीला घ्या थोडं. दोन दिवसांत सगळं साफ.’’

अम्मीने बाटलीचे बूच उघडले, वास घेतला आणि लगेच ते लावून टाकले. ‘‘बेटा, याच्याशेजारी माझा पुदिना आहे. त्याची आम्ही चटणी खातो. मेंदी पोरींच्या हाताला लागते. ही बाटली तूही घरात ठेवू नकोस. पाणी समजून कुणी तोंडाला लावेल.’’

तो हसला आणि वर गेला. त्या संध्याकाळी पाऊस पुन्हा आला होता, म्हणून त्यांच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. त्याने गॅलरीचे दार उघडे ठेवून औषध फवारले. त्याच्या आजोबांना दम्याचा त्रास होता. रात्री दहाच्या सुमारास जिन्यात धावपळ ऐकू आली. आजोबांना श्वास घेता येत नव्हता, त्यांना उलट्या होत होत्या. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणले. दवाखान्यात पाच दिवस राहून ते बरे होऊन परत आले, ही खुदाची मेहेरबानी. गुलाबांवरचा कोळी मात्र आठवड्यानंतरही जागच्या जागी होता. औषध होते कीटकांसाठी आणि कोळी कीटक नव्हे. उलट अशा औषधाने कोळ्यांना खाणारे कीटक मरतात आणि कोळी अधिकच वाढतात.

शेतावर उघड्या हवेतही ही औषधे किती घातक ठरतात, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. माणसाहून उंच वाढलेली कपाशी, तोंडाला मुखवटा नाही, हातांत मोजे नाहीत, आणि अंगावर औषध उडते आहे, अशी त्यांची स्थिती होती. त्यांना पीक वाचवायचे होते, त्यावर वर्षाची भाकर अवलंबून होती. आपल्या खोलीत एक कुंडी असते आणि त्याच खोलीत आपण झोपतो. शेताचे औषध घरात आणायला कोणतेही कारण पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग जास्वंदीचे काय केले? प्रथम ती कुंडी इतर कुंड्यांपासून दूर नेली. फार किडलेले शेंडे कापले आणि पिशवीत घालून, गाठ मारून कचऱ्यात दिले. उघड्यावर टाकले तर कीड पुन्हा चालत येते. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून साधे पाणी त्याच्यावरून ओघळून जाते. इंजेक्शन देण्यापूर्वी दवाखान्यात लावतात ते स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन मी एकेक किडा पुसला. स्पिरिटाने मेण विरघळते आणि किडा मरतो. हे काम चुलीपासून लांब करावे, कारण स्पिरिट चटकन पेट घेते. आणि मुलांनी ते मोठ्या माणसांशिवाय हाताळू नये.

नंतर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा पातळ साबण मिसळला आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारला. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. साबणाचे पाणीही सगळ्या झाडांना सोसत नाही. म्हणून आधी एकाच पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. सकाळी झाड स्वच्छ पाण्याने धुतले.

चौथ्या दिवशी फांदी अगदी साफ दिसू लागली. सातव्या दिवशी मुलीच्या भिंगाला पुन्हा पाय दिसले. मादी कापसासारख्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते. ती अंडी बोळ्यातून आणि साबणातून सुटतात. त्यांतून निघालेली पिल्ले इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून एकदा केलेला उपाय कधीच पुरत नाही. आम्ही दर शुक्रवारी तो करू लागलो, आणि बहुतेक लोक येथेच कंटाळतात.

अम्मीला मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नव्हते. ती बोटांनी पान चाचपून ‘‘इथे चिकट लागतंय’’ असे सांगे, नात भिंगातून पाही, आणि मी बोळा फिरवी. चौथ्या शुक्रवारी मूळ झाड एक वीतभर खुंट होऊन उरले होते. माझे पती म्हणाले, ‘‘टाकून द्या आता. रोपवाटिकेतून नवी जास्वंद आणतो.’’ अम्मी काही बोलली नाही. तिने कुंडी उचलून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आणि तीन आठवडे तिला फक्त पाणी घातले. मग खुंटाला दोन पोपटी कोंब फुटले.

साबणाबरोबर आम्ही कडुलिंबाचे तेलही वापरतो. एक लिटर पाण्यात चमचाभर तेल आणि तेल मिसळावे म्हणून साबणाचे काही थेंब. कडुलिंब किडीला लगेच मारत नाही. किडीची भूक मंदावते, तिला कात टाकता येत नाही, तिची पुढची पिढी कमी होते. ज्यांना दोन दिवसांत सगळे साफ हवे असते, त्यांना हा उपाय पसंत पडत नाही. कडुलिंबाच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द ‘अझाडिराक्टा’ असा आहे. मुलांनो, तो तुम्हाला ओळखीचा वाटला पाहिजे. तो फारसीतल्या ‘आझाद दरख्त’ या शब्दांवरून आलेला आहे.

लाल कोळ्याचा उपाय त्याहून सोपा. त्याला कोरडी, गरम हवा आवडते आणि ओलावा आवडत नाही. मार्च ते मे या दिवसांत आठवड्यातून दोनदा पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची जोरदार धार मारली, तर त्याचे बस्तान बसत नाही. संशय आला तर पांढरा कागद धरून त्यावर पान झटकावे. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर ते कोळी. खवले कीड जुन्या दातांच्या ब्रशने निघते. पावसाळ्यात कुंडीच्या मातीवर चिलटे उडू लागतात, तेव्हा बिघाड झाडात नसतो, आपल्या हातातल्या तांब्यात असतो. पाणी कमी करावे, वरची माती सुकू द्यावी.

मुंग्या कुंडीवर चढू नयेत म्हणून काही लोक कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवतात. युक्ती चांगली, पण पनवेलच्या पावसाळ्यात धोक्याची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. ताटली ठेवायची असेल, तर त्यात साबणाचे पाणी घालावे आणि ते दोन दिवसांनी ओतून द्यावे. आमच्याकडे ताटल्या पुसून कोरड्या ठेवतात.

पुढच्या वर्षी क्रोटनवर पुन्हा पिठ्या ढेकूण आला. या वेळी तो लवकर सापडला. मुलगी बोळा घेऊन पुसत होती, आणि अम्मी शेजारी बसून होती. तोपर्यंत तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. एकाएकी तिने मुलीचा हात धरला. ‘‘थांब. हा पळतोय. ते कधी पळत नाहीत.’’

पांढऱ्या तंतूंनी झाकलेला एक जाडसर किडा पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात भराभर फिरत होता. अंगावर तसेच पीठ, पण चाल वेगळी. आम्ही पाहत राहिलो. त्याने एका ढेकणाला धरले आणि खाऊन टाकले. चित्रांग भुंगेऱ्यांच्या काही जातींच्या अळ्या अशाच दिसतात. ज्यांना खायचे, त्यांचाच वेश त्या घेतात. याच कुळातला एक ऑस्ट्रेलियन भुंगेरा १८९८ साली भारतात मुद्दाम आणला गेला होता आणि आजही पिठ्या ढेकणाविरुद्ध बागांत सोडला जातो. आमच्या क्रोटनवरची अळी कोणत्या जातीची होती, त्याची चौकशी आम्ही केली नाही. त्या कुंडीवर साबण फवारायचा नाही, असा हुकूम अम्मीने काढला. दहा-बारा दिवसांत फांदी मोकळी झाली.

हीच गोष्ट एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे. २००८ साली कोइमतूरजवळ पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. तो मूळचा मेक्सिकोचा. येथे त्याला खाणारे कुणी नव्हते. पपई, तुती, टॅपिओका आणि आपली जास्वंदसुद्धा त्याने झपाट्याने व्यापली आणि तो महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंतही येऊन पोहोचला. शेतकरी औषधांवर औषधे फवारत राहिले. मेणाच्या थराखाली कीड जिवंत राहिली. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिको या बेटावरून एक गांधीलमाशी मागवली. गांधीलमाशी म्हटले तरी ती एक मिलिमीटरही लांब नसते आणि माणसाला चावत नाही. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. या माश्या बागांत सोडल्यावर काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. जेथे माश्या सोडल्या, तेथे शेतकऱ्यांना फवारणी थांबवायला सांगावे लागले.

जास्वंद आता खिडकीच्या जाळीबाहेर डोकावते. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना तिचे फूल हवे असते. अम्मी ते नातीच्या हाती वर पाठवते. गुलाबांच्या कुंड्या त्यांनी ठेवल्या आहेत, बाटली मात्र त्यांच्या मुलाने गावी परत नेली.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू गोवा महामार्गावरच्या रोपवाटिकेतून अम्मीसाठी नेचे घेऊन आल्या. ‘‘भाभी, बाहेरच्या खोलीत शोभेल बघा,’’ त्या म्हणाल्या. अम्मीने त्यांना चहा दिला, नेच्याचे कौतुक केले, आणि त्या गेल्यावर कुंडी उचलून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. नवे झाड पंधरा दिवस तेथे एकटे राहते. आज त्याचा अकरावा दिवस आहे. पानांच्या मागे ओळीने तपकिरी ठिपके दिसल्यामुळे घरात वाद चालू आहे. नात म्हणते खवले कीड, अम्मी म्हणते नेच्याचे बी असेच असते. भिंग सापडत नाही.